पीएचचा आकडा बघून ॲसिड ओतू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर मागच्या आठवड्यात फवारणीच्या पाण्याच्या पीएचवर लेख आला होता. लेख तसा बरा होता, पाणी तपासा, मीटर घ्या, सगळं बरोबर, पण खाली चौकटीत जो तक्ता दिलाय ना त्यानं घोळ घातलाय. पाण्याचा पीएच साडेसात असेल तर १०० लिटरला एवढे मिली फॉस्फोरिक ॲसिड, आठ असेल तर एवढे, नऊ असेल तर त्याहून जास्त, असा सरसकट दर लावून दिलाय. माझं तासगाव तालुक्यात खता-औषधांचं दुकान आहे, बीएस्सी केमिस्ट्रीतनं झालंय, आणि सध्या द्राक्षबागांच्या छाटणीचा सीझन त्यामुळं त्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून रोज कोण ना कोण काउंटरवर येतंय, "वहिनी, पेपरातच आलंय की, ह्या हिशोबानं ॲसिड द्या." पेपरात आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय, म्हणून म्हटलं पेपरलाच लिहावं.

पीएचचा आकडा पाणी आत्ता कसं आहे एवढंच सांगतो. ते पाणी बदलायला किती ॲसिड लागेल हे त्या आकड्यात नसतंच, ते दुसरीकडं असतं.

पण आधी आकडा काय ते बघू, कारण घोळ तिथनंच सुरू होतो. पाणी आम्ल करणारे हायड्रोजन आयन लिटरभर पाण्यात किती मोल आहेत (मोल म्हणजे कण मोजायचं माप) त्याचा लॉग घ्यायचा आणि उणे चिन्ह लावायचं, झाला पीएच. लॉग म्हटलं की निम्मी माणसं पान उलटतात म्हणून शून्यांनी सांगते. पीएच ७ म्हणजे १ भागिले एकावर सात शून्यं, लिटरला मोलाचा एक कोटीवा भाग. ८ म्हणजे दहा कोटीवा. ६ म्हणजे दहा लाखावा. आकडा एकानं हलला की हायड्रोजन आयन दहापट हलले, दोननं हलला की शंभरपट. आणि मधले आकडे तर अजून फसवतात, मीटर ७.८ वरून ७.५ वर आला की माणूस म्हणतो काय पडलाय फरक, पण तेवढ्यात आयन दुप्पट झालेले असतात. ०.३ ला दुप्पट, ०.५ ला तिपटीच्या थोडं वर, ०.७ ला पाचपट, एवढे तीन ध्यानात ठेवले की कॅल्क्युलेटर काढायला लागत नाही. मीटरवर ६.३ दिसला तर तो सातच्या ०.७ खाली, म्हणजे सातच्या पाण्यापेक्षा पाचपट आम्ल, संपला विषय.

सरासरीचंही तेच. शाळेतली पोरं पीएच ४ चं आणि पीएच ६ चं ॲसिड सारखं सारखं मिसळलं तर ५ येईल म्हणतात. येत नाही. एकात दहा हजारावा भाग आहे, दुसऱ्यात दहा लाखावा, म्हणजे दुसऱ्यात पहिल्याच्या मानानं काहीच नाही, नुसतं पाणी घातल्यासारखं निम्मं झालं, उत्तर ४.३. बारावीच्या आयनिक समतोलाच्या धड्यावर एक ठरलेला प्रश्न असतो, हायड्रोक्लोरिक ॲसिड दहाचा उणे आठवा घात मोलर आहे तर पीएच किती, आणि निम्मा वर्ग ८ लिहून मोकळा होतो, अरे पण पाण्यात ॲसिड घातलंय, ते अल्कली कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरायला लागतात, उत्तर ६.९८.

हा पीएच काढला सोरेन्सन नावाच्या डॅनिश केमिस्टनं, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये, म्हणजे बिअरवाल्यांच्या लॅबमध्ये. एन्झाइमचं काम करताना ती शून्यांची माळ सारखी लिहायला लागू नये म्हणून त्यानं घातच लिहायचं ठरवलं. आणि आपण जो इलेक्ट्रॉनिक मीटर वापरतो त्याची सुरुवात १९३४ मध्ये अमेरिकेत बेकमननं केली, ती कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला. बागायतदारांसाठीच निघालेलं यंत्र आहे ते, तरी आपल्याकडं बहुतेकांचा मीटर खोक्यात सेलसकट गंजत पडलेला असतो.

आता मुद्द्यावर येते. दोन पाणी घ्या. एक बोअरचं, पीएच ७.३, मीटरवर दिसायला एकदम सज्जन, पण तपासणीच्या रिपोर्टात बायकार्बोनेट, म्हणजे ॲसिड खाऊन टाकणारा विरघळलेला क्षार, लिटरला ३६६ मिलीग्रॅम. दुसरं शेततळ्याचं, पावसाचं साठवलेलं, बायकार्बोनेट जेमतेम ९०, पण तळ्यात शेवाळ धरलंय. शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळं दुपारी मीटर घातला की पीएच ९ दाखवतो आणि मालकाच्या छातीत धस्स होतं. दोन्ही पाणी ६ वर आणायचंय, फवारणीच्या ब्लोअरची टाकी ६०० लिटरची. तुमच्या तक्त्यानं तळ्याच्या पाण्याला जास्त ॲसिड आणि बोअरच्या पाण्याला अगदी थोडं. खरं नेमकं उलटं आहे.

हिशोब मांडून दाखवते. बायकार्बोनेटचं इक्विव्हॅलंट वजन ६१, म्हणजे ६१ मिलीग्रॅमचा एक मिलिइक्विव्हॅलंट, तो एक मिलिमोल हायड्रोजन खातो, म्हणून ३६६ भागिले ६१, बोअरच्या पाण्यात लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट. ॲसिडमधला हायड्रोजन आधी ह्या बायकार्बोनेटला जाऊन चिकटतो, त्याचं कार्बॉनिक ॲसिड होतं, आणि हे चालू असेपर्यंत मीटर हळूहळूच खाली येतो. कार्बॉनिक ॲसिडचा पीके, म्हणजे ज्या पीएचला बायकार्बोनेट आणि कार्बॉनिक ॲसिड निम्मं निम्मं असतं तो आकडा, ६.३५ आहे, तो धरून काढलं तर पीएच ६ ला येईपर्यंत साधारण दोन तृतीयांश बायकार्बोनेट संपलेलं असतं. सहाचे दोन तृतीयांश चार, चार गुणिले ६०० लिटर म्हणजे २४०० मिलिइक्विव्हॅलंट. ८५ टक्क्यांच्या फॉस्फोरिक ॲसिडच्या एका मिलीत कामाचे साधारण १५, कारण फॉस्फोरिकला तीन हायड्रोजन असले तरी पीएच ६ पर्यंत ते जेमतेम एकच सोडतं, बाकीचे दोन धरून बसतं. २४०० भागिले १५, झाले १६० मिली. बोअरचा पीएच आधीच जरा खाली आहे म्हणून दहा-एक मिली कमी धरा, दीडशे म्हणा. तळ्याच्या पाण्याचं असंच काढलं तर ४०-४५ मिलीत काम होतं, पीएच ९ असूनसुद्धा.

आणि ज्यात बायकार्बोनेट नावालाही नाही असं एकदम शुद्ध पाणी, त्यात चिमूटभर कॉस्टिक सोडा पडून पीएच ८ झालाय असं समजा, तर ६०० लिटर ८ वरून ६ वर आणायला त्याच ॲसिडचे दोन थेंबसुद्धा लागत नाहीत. कुठं दोन थेंब, कुठं दीडशे मिली. तक्त्यात ह्या सगळ्यांना पीएचच्या एकेका ओळीत बसवलंय.

दुकानात समजावताना मी असं सांगते, पीएच म्हणजे खिशातली चिल्लर, बायकार्बोनेट म्हणजे सोसायटीतली ठेव. चिल्लर बघून माणसाची ऐपत कळत नाही. एक काका म्हणाले, "मग वहिनी आमच्या बोअरची ठेव किती ते कुठं कळायचं?" तर ते पाणी तपासणीच्या रिपोर्टातच असतं, बायकार्बोनेट किंवा अल्कॅलिनिटी असा कॉलम असतो, पण रिपोर्ट हातात पडला की सगळे सामू (म्हणजे पीएचच) आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) बघतात आणि कागद घडी करून खिशात घालतात.

ही भानगड आमच्या धंद्यातच आहे असं नाही. दूध डेअरीच्या लॅबमध्ये बघा. १० मिली दूध, त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, आणि ब्युरेटमधनं, म्हणजे मापाच्या नळीतनं, एन बाय टेन (लिटरला ०.१ मोल) कॉस्टिक सोडायचं, फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं. समजा १.६ मिली लागलं. मग ९ (लॅक्टिक ॲसिडचा ठरलेला गुणक) गुणिले ०.१ गुणिले १.६ भागिले १०, आम्लता आली ०.१४४ टक्के, लॅक्टिक ॲसिडच्या मापात. दूध ताजं आहे, घ्या कॅनमध्ये. आता त्याच दुधाचा पीएच असतो ६.७ च्या आसपास, म्हणजे सुटे हायड्रोजन आयन लिटरला मोलाच्या एक कोटीव्या भागाच्या दुप्पट. ब्युरेटनं असं मोजून, म्हणजे टायट्रेशननं, जो आकडा आला तो लिटरला ०.०१६ मोल. भागून बघा, ऐंशी हजारपटीचा फरक आहे! आणि गंमत म्हणजे ताज्या दुधात लॅक्टिक ॲसिड जवळपास नसतंच, ते कॉस्टिक खातात केसीन आणि फॉस्फेट. मग मीटरचा आकडा खोटा का ब्युरेटचा? दोन्ही खरे, दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे. मीटरला विचारलं, आत्ता सुटे किती आहेत. ब्युरेटला विचारलं, सगळे मिळून किती निघतील. द्राक्षाच्या रसाचंही तसंच करतात, फक्त ९ च्या ऐवजी ७.५ घ्यायचं, टार्टारिक ॲसिडच्या मापात. पिकवणाऱ्याला गोडी-आंबटपणा बघायचा असतो तेव्हा ब्रिक्सबरोबर (ते साखरेचं माप) हाच आकडा कामाचा, पीएच नाही.

आता त्याच पानावरच्या जाहिरातीबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण "एकरी २ लिटर ड्रिपमधनं सोडा, जमिनीचा सामू साडेआठवरून साडेसहा" असं ठळक छापलंय. लेखाखालीच आहे त्यामुळं माणसाला वाटतं लेखातच सांगितलंय. आपली काळी जमीन, कुठं कुठं खाली पांढरी चुनखडी लागते, विहीर खणताना सगळ्यांनी बघितलंय. एकरातली वरची सहा इंच माती साधारण ९ लाख किलो भरते. रिपोर्टात मुक्त चुनखडी ५ टक्के असेल, जी आपल्याकडं काही जास्त नव्हे, तर चुना झाला ४५,००० किलो. १०० किलो चुना मारायला ९८ किलो सल्फ्युरिक ॲसिड लागतं, हे नववी-दहावीचं गणित आहे. म्हणजे ४४ टन ॲसिड, एका एकराला. आणि तोपर्यंत सामू आठच्या आसपासच घुटमळत राहणार, कारण चुना आहे तोवर तो जमिनीला खाली येऊ देत नाही. त्या २ लिटरच्या कॅनमध्ये नुसतं कडक सल्फ्युरिक भरलं असं धरलं, तरी त्याचं वजन पावणेचार किलोच्या आत, आणि त्यानं चुना मरणार तेवढाच, ४५,००० किलोतला पावणेचार किलो. त्यामुळं मातीचा रिपोर्ट आला की सामूच्या शेजारी मुक्त चुनखडीचा कॉलम असतो तो आधी वाचा.

हां, ड्रिपरच्या खाली जो ओलावा असतो तेवढ्या जागेत काही दिवस फरक पडतो, झिंक-फेरस उचलायला त्याची मदत होते, ते खरं आहे आणि त्यासाठी कोण ॲसिड सोडत असेल तर माझी हरकत नाही. पण ते ड्रिपरखालच्या ओंजळभर मातीचं झालं. एकराचा सामू दोननं खाली आणला म्हणणं म्हणजे लोकांच्या अडाणीपणावर दुकान चालवणं आहे, आणि हे मी स्वतः दुकानदार असून म्हणतेय.

नदीकाठच्या क्षारपड जमिनीची गोष्ट अजून वेगळी. वाळवा, मिरज बाजूला उसाला पाणी देऊन देऊन ज्या जमिनी चोपण झाल्यात, सामू साडेआठच्या पुढं, पाऊस पडला की चिखल आणि वाळलं की दगड, तिथं जिप्सम घालतात. ते ॲसिड म्हणून नव्हे. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकून लावतं, मग ते सोडियम पाण्याबरोबर खाली धुऊन जायला पाहिजे, आणि खाली निचराच नसेल तर जिप्समची पोती घालून काय उपयोग. आधी चर, पाईप, निचरा, मग जिप्सम. इथंही सामूचा आकडा नुसता दुखणं आहे एवढं सांगतो, औषधाचं माप सांगत नाही, त्यासाठी सोडियमची तपासणी करायला लागते.

अजून एक, हे तर तक्त्यात लिहायलाच पाहिजे होतं. बोर्डो हे बुरशीनाशक मारणाऱ्यांनी त्या टाकीत ॲसिड घालायचं नाही. मोरचूद आणि चुना एकत्र करतात ते तांबं बांधून ठेवायला, ॲसिड पडलं की तांबं सुटं होतं आणि कोवळं पान करपतं. जुनी माणसं बोर्डोत विळा बुडवून बघतात, पात्यावर तांबूस थर धरला की अजून चुना लागतोय, त्यांना कुठला मीटर होता. उलट कॅप्टानसारखी बुरशीनाशकं अल्कली पाण्यात लवकर फुटतात, बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं द्रावण मात्र पोटॅशियम कार्बोनेटमुळं ११ च्या आसपासच लागतं. सगळ्या कामांना ६ पाहिजे असं कोणी ठरवलं कळत नाही.

मीटरबद्दल थोडक्यात. त्याच्या टोकाला काचेचा पातळ फुगा असतो, तोच सगळं काम करतो, एका पीएचला २५ अंशाला साधारण ५९ मिलिव्होल्ट, एवढासा फरक तो मोजतो. तो फुगा वाळला की आकडे काहीही येतात. कोरडा ठेवू नका, डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं ते टोपणात घाला. सीझनच्या सुरुवातीला ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणांवर, लावून घ्या, पुड्या मिळतात, फार महाग नाहीत. आणि लिटमसनं ६ का साडेसहा ते कळत नाही, तो लाल का निळा एवढंच सांगतो.

मग ॲसिड ठरवायचं कसं? रिपोर्ट असेल तर वर केला तसा हिशोब. नसेल तर बादली. ज्या पाण्यानं फवारणार तेच १० लिटर मोजून प्लास्टिकच्या बादलीत घ्या, मेडिकलमधनं ५ मिलीची सिरिंज आणा, हातमोजे आणि चष्मा घालून अर्धा-अर्धा मिली ॲसिड सोडा, काडीनं ढवळा, मीटर बघा. वरच्या बोअरच्या पाण्याला अडीच मिलीच्या पुढं जावं लागेल. बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे धरलेले दिसतील, तो बायकार्बोनेटमधनं सुटलेला कार्बन डायऑक्साइड. तो उडून जाईल तसा मीटर परत थोडा वर चढतो, त्यामुळं लगेच अजून ॲसिड ओतायची घाई करू नका, दहा मिनिटं थांबून परत मोजा. जेवढे मिली लागले त्याला ६० नं गुणा, ६०० लिटरच्या टाकीचं माप आलं. बोअर बदललं, तळ्याचं आणि बोअरचं पाणी मिसळलं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की बादली परत. ॲसिड नेहमी भरलेल्या पाण्यात घालायचं, रिकाम्या टाकीत ॲसिड टाकून वरनं पाणी सोडायचं नाही, आणि औषध सगळ्यात शेवटी.

तेव्हा विनंती एवढीच, की तो तक्ता मागं घेतल्याचं छापा, आणि त्या जागी बायकार्बोनेटचा कॉलम असलेला तक्ता द्या, पीएचचा नको. लेखाच्या खाली कोणती जाहिरात लावायची हे तुम्ही बघा, पण निदान मध्ये एक रेघ तरी मारा. आणि छापणार असाल तर लवकर छापा, आमच्याकडं लवकर छाटलेल्या बागा पोपटी रंगाच्या अवस्थेला आल्यात, जीएचे (जिबरेलिक ॲसिड ह्या संजीवकाचे) डोस होऊन गेल्यावर दुरुस्ती छापून आली तर मग ती पुढच्या वर्षापर्यंत रद्दीत.

आपली,
एक वाचक व कृषी दुकानदार,
ता. तासगाव, जि. सांगली